जुने अंक पुसण्याआधी जीझिप करून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साप्ताहिके, दिवाळी अंक, ग्रंथालये, साहित्य संस्था यांच्या छोट्या मराठी संकेतस्थळांवर एक गोष्ट वारंवार दिसते. होस्टिंगचा कोटा भरला की पहिली कुऱ्हाड जुन्या लेखांवर पडते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पाने जातात, दुवा उघडला की ‘४०४’ (पान सापडले नाही) येतो, आणि ज्यांनी प्रबंधात, लेखात किंवा विकिपीडियावर त्या दुव्याचा आधार घेतला होता त्यांचा संदर्भ लटकतो. जागा अपुरी असते हे खरे. पण नुसत्या मजकुराची पाने त्यासाठी पुसायचे कारण नाही. ‘जीझिप’ या फाइल आवळून लहान करणाऱ्या साधनाने, पत्ता तोच ठेवून, ती तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मावतात. ते कसे, हे अशी संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांसाठी तपशिलाने लिहितो. आज्ञा आणि सेटिंगची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

कामाला लागण्यापूर्वी जागा नेमकी कशाने भरली आहे ते ‘डीयू’ या आज्ञेने फोल्डरनिहाय पाहून घ्यावे. पुष्कळदा दोषी भलताच निघतो. कधीकाळी घेतलेला आणि सार्वजनिक फोल्डरमध्ये तसाच राहिलेला बॅकअप, वर्षानुवर्षे वाढत गेलेली ॲक्सेस लॉगची (कुणी काय उघडले याच्या नोंदींची) फाइल, कुणी न उघडलेल्या ईमेल पेट्या, किंवा वर्डप्रेसने एकेका छायाचित्राच्या केलेल्या पाच-सहा छोट्या आवृत्त्या. हे साफ करून भागत असेल तर पुढचे वाचायची गरज नाही. एचटीएमएल, टेक्स्ट, एक्सएमएल, जेसन, सीएसव्ही, एसव्हीजी अशा मजकुराच्या फाइलींनीच जागा खाल्ली असेल, तर मात्र खालचा उपाय लागू पडतो.

यावर इंटरनेटवर जो सल्ला सर्रास मिळतो तो उलटा आहे. ‘पान.एचटीएमएल’च्या शेजारी ‘पान.एचटीएमएल.जीझेड’ बनवून ठेवा, म्हणजे सर्व्हर तयार आवळलेली फाइल देईल, असे सांगतात. त्याने वेग वाढतो, सर्व्हरचे कष्टही वाचतात, पण डिस्कवर आता एकाच पानाच्या दोन प्रती झाल्या. समजा ५०,००० लेख आहेत आणि प्रत्येकाचे पान ४० केबीचे आहे. मूळ पानांना सुमारे २ जीबी लागतात. जीझिप केल्यावर पान ९ केबीचे झाले, तर ते डिस्कवर १२ केबी जागा अडवते (कारण पुढे येईल), म्हणजे एकूण ६०० एमबी. दोन्ही प्रती ठेवल्या तर २.६ जीबी, आणि फाइलींची संख्या १ लाख. अनेक होस्टिंग योजनांत फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असते. तिथे हा सल्ला दुहेरी महागात जातो. जागा वाचवायची असेल तर मूळ प्रत काढून फक्त आवळलेली प्रत ठेवायची, आणि ज्या एखाद्याला ती समजत नाही त्याच्यापुरती सर्व्हरने उलगडून द्यायची. इतकाच बदल आहे, पण सेटिंगच्या दृष्टीने तो बराच वेगळा पडतो.

ही काही नवी युक्ती नव्हे. जीझिप १९९२ पासून आहे. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये ब्राउझरने ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ या हेडरने (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीने) मला जीझिप चालते असे कळवायचे आणि सर्व्हरने ‘कंटेंट-एन्कोडिंग’ या हेडरने हे घे, जीझिप केलेले आहे असे उत्तर द्यायचे, अशी रीत स्पष्ट लिहिलेली आहे. आज वापरात असलेला प्रत्येक ब्राउझर, मोबाइलवरचाही, जीझिप मागतोच. डेबियन लिनक्समध्ये ‘मॅन’ची (आज्ञांच्या माहितीची) सगळी पाने डिस्कवर जीझिप करूनच ठेवतात आणि वाचताना उलगडतात. त्याच डेबियनचे पॅकेज बांधणारे साधन दस्तऐवजांच्या फोल्डरमधल्या ४ केबीपेक्षा मोठ्या फाइली आवळते, मात्र एचटीएमएलला हात लावत नाही, कारण ती पाने लोक सर्व्हरशिवाय थेट डिस्कवरून उघडतात आणि तिथे ब्राउझरला ‘कंटेंट-एन्कोडिंग’ सांगणारे कुणी नसते. हे आपल्यालाही लागू आहे. एखादे ग्रंथालय अंकांचा फोल्डर पेनड्राइव्हवर देत असेल, तर ती प्रत उलगडलेलीच द्यायला हवी.

मराठीला यात इंग्रजीपेक्षा जास्त फायदा होतो. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त हीदेखील वेगळी चिन्हे धरली जातात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. ‘महाराष्ट्र’ ३० बाइटचा. ‘मराठी’चे बाइट आकड्यांत लिहिले तर असे दिसतात : २२४ १६४ १७४, २२४ १६४ १७६, २२४ १६४ १९०, २२४ १६४ १६०, २२४ १६५ १२८. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. खरी माहिती बहुतांशी तिसऱ्यात. म्हणजे आपल्या मजकुराचा दोन तृतीयांश भाग जवळजवळ ठरलेला आहे, आणि जीझिपच्या आतली डिफ्लेट पद्धत नेमकी अशाच पुनरावृत्तीवर जगते. मागे येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की ‘इतके मागे जा, इतके बाइट घे’ अशी खूण ती ठेवते, आणि वारंवार येणाऱ्या बाइटला कमी बिट देते. त्यात पानाचा साचा, मेनू, तळटीपा, ‘आहे’, ‘होते’, ‘आणि’, ‘त्यांच्या’ यांची भर. एका बाइटच्या जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर फुगला म्हणून हळहळणाऱ्यांना ती फूग जीझिपमध्ये बरीचशी परत मिळते. साच्यानुसार कमी-जास्त होईल, पण मराठी लेखाचे पान पाचव्या हिश्शाच्या आसपास येणे ही सामान्य गोष्ट आहे. आपला आकडा ‘जीझिप’ला ‘-एल’ हा पर्याय देऊन स्वतः बघावा.

एक मर्यादा मात्र मराठीलाच जास्त जाचते. डिफ्लेट मागे फक्त ३२,७६८ बाइटपर्यंत बघू शकते. इंग्रजीत ती ३२ हजार अक्षरे झाली. देवनागरीत तीनाने भागा, जेमतेम १०,९०० चिन्हे. त्यामुळे अख्खी कादंबरी एका पानावर टाकून तिचे गुणोत्तर सुधारेल अशी आशा धरू नये.

आता तो १२ केबीचा हिशेब. एक्स्ट४ ही लिनक्सची नेहमीची फाइल-प्रणाली जागा ४,०९६ बाइटच्या ठोकळ्यांत देते. ९ केबीच्या फाइलला तीन ठोकळे. ३,९०० बाइटची फाइल आवळून १,००० बाइटची केली तरी ठोकळा एकच जातो, म्हणजे बचत शून्य आणि कटकट तेवढीच. ४,०९६ बाइटपेक्षा लहान फाइलींना म्हणून हात लावायचाच नाही. ‘फाइंड’ आज्ञेला ‘-साइझ +४के’ दिले की नेमक्या त्याहून मोठ्या फाइली मिळतात. ‘एलएस’ने दिसणारा आकार आणि ‘डीयू’ने दिसणारी जागा यांत फरक पडतो तो याच ठोकळ्यांमुळे. तुमची होस्टिंग कंपनी कोटा कशावर मोजते ते विचारून ठेवा.

आवळू नये अशा फाइली ओळखणे सोपे आहे. जेपीईजी, पीएनजी, एमपी३, एमपी४, झिप आतून आधीच आवळलेल्या असतात. डॉक्स, एक्सएलएसएक्स आणि ई-पब ही तर झिपचीच रूपे. वॉफ२ फाँटमध्ये ब्रॉटली (आवळण्याची दुसरी एक पद्धत) असतेच; टीटीएफ फाँट मात्र चांगला आवळला जातो. सर्वांत जास्त गैरसमज पीडीएफबद्दल आहे. स्कॅन केलेल्या अंकाच्या पीडीएफमध्ये जवळजवळ सगळी जागा आतल्या प्रतिमांची असते आणि त्या आवळलेल्याच असतात. जीझिपने एखाद-दुसरा टक्का सुटेल. शिवाय पीडीएफ वाचणारा ब्राउझर मोठ्या अंकातले हवे तेवढेच बाइट मागून पहिले पान चटकन दाखवू शकतो. अंगावर ‘कंटेंट-एन्कोडिंग’ चढले की ते बंद पडते, ४० एमबी पूर्ण उतरेपर्यंत वाचक पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो. पीडीएफ जड वाटत असतील तर स्कॅनचे रिझोल्यूशन आणि प्रतिमेची पद्धत बघावी. तो वेगळा विषय आहे.

वर्डप्रेससारख्या डेटाबेसमधून पाने घडवणाऱ्या संकेतस्थळाला हा उपाय थेट लागू होत नाही, कारण तिथे पान फाइल म्हणून डिस्कवर नसतेच. बंद झालेल्या वर्षांचे अंक साध्या एचटीएमएल पानांत उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले तर होतो. जुन्या अंकांसाठी हेच करावे असे मी आग्रहाने म्हणेन. दहा वर्षांपूर्वीचा संपादकीय लेख दर वेळी डेटाबेसमधून नव्याने घडवण्यात काही हशील नाही.

प्रत्यक्ष आवळताना क्रम चुकवू नये. नुसते ‘जीझिप -९’ दिले तर आज्ञा मूळ फाइल काढून टाकते. म्हणून आधी ‘-के’ हा पर्याय जोडून मूळ ठेवायची, मग ‘जीझिप -टी’ने प्रत तपासायची, उलगडलेल्या मजकुराचा ‘एसएचए२५६सम’ (मजकुराचा ठसा असलेला आकडा) मूळ फाइलशी ताडून पाहायचा, सर्व्हरची सेटिंग लावून पान खरोखर उघडते हे बघायचे, आणि मगच मूळ काढायची. कोटा आधीच तुडुंब असेल तर दोन प्रतींना जागा पुरणार नाही. तेव्हा एकेका वर्षाचा फोल्डर घेऊन पुढे सरकावे. एकाच फाइलला दोन नावे, म्हणजे हार्ड लिंक असेल तर जीझिप ती सोडून देते, तसे सांगतेही. सिमलिंकही (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) तशीच राहते. हजारो फाइलींच्या यादीत हे इशारे नजरेआड होतात, म्हणून आज्ञा पडद्यावर जे काही छापते ते सगळे एका फाइलमध्ये उतरवून घ्यावे. पानाची मूळ तारीख आवळलेल्या फाइललाही तीच राहते, ही सोय आहे. ब्राउझरला कळवली जाणारी ‘लास्ट-मॉडिफाइड’ तारीख बदलत नाही. आणखी पिळून काढायचे असेल तर गूगलने २०१३ मध्ये दिलेले ‘झॉफ्ली’ हे साधन जीझिपच्याच साच्यात ३ ते ८ टक्के लहान फाइल बनवते. ते अतिशय संथ आहे, पण एकदाच आवळून कायम ठेवायच्या अंकांना रात्रभर चालू द्यायला हरकत नाही. ठोकळ्यांचा हिशेब इथेही विसरू नये. ९ केबीची ८.५ केबी झाली तरी ठोकळे तीनच राहतात.

स्वतःचा सर्व्हर असेल आणि त्यावर एन्जिनएक्स (पाने पाठवणारे सर्व्हर सॉफ्टवेअर) असेल तर काम सोपे आहे, कारण नेमक्या याच वापरासाठी त्यात दोन सोयी आहेत. जुन्या अंकांच्या ‘लोकेशन’मध्ये (सेटिंगमधल्या त्या पत्त्यांपुरत्या भागात) ‘जीझिप_स्टॅटिक ऑलवेज’ आणि ‘गनझिप ऑन’ अशा दोन ओळी टाकायच्या. पहिलीने सर्व्हर ‘पान.एचटीएमएल’ मागितले की ‘पान.एचटीएमएल.जीझेड’ शोधून जसेच्या तसे पाठवतो, मागणाऱ्याला जीझिप चालते की नाही हे न बघता. दुसरी ओळ ज्याला चालत नाही त्याच्यापुरते ते वाटेत उलगडते. ‘ऑलवेज’ऐवजी ‘ऑन’ लिहिले तर जीझिप न मागणाऱ्याला ‘४०४’ मिळतो, कारण मूळ फाइल आपण काढलेली आहे. ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. ब्राउझरमध्ये सगळे ठीक दिसते आणि एखाद्याचे फीड वाचणारे साधन किंवा संशोधकाची स्क्रिप्ट तेवढी रिकाम्या हाताने परत जाते. जीझेड फाइल नसेल तर सर्व्हर साधी फाइल देतो, त्यामुळे ४ केबीखालची न आवळलेली पाने त्याच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. दोन्ही मोड्यूल मूळ बांधणीत आपोआप येत नाहीत. ‘एन्जिनएक्स -व्ही’, यातला व्ही मोठ्या लिपीतला, देऊन यादीत ‘एचटीटीपी_जीझिप_स्टॅटिक_मोड्यूल’ आणि ‘एचटीटीपी_गनझिप_मोड्यूल’ आहेत ना ते बघावे.

सोबत ‘जीझिप_व्हेरी ऑन’ हवेच. त्याने ‘व्हेरी : ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ हा हेडर जातो आणि मधला कॅशे (पानांच्या प्रती साठवून देणारा सर्व्हर) एकाची आवळलेली प्रत दुसऱ्याच्या गळ्यात मारत नाही. पुढे सीडीएन (ठिकठिकाणी प्रती ठेवून पाने देणारी सेवा) किंवा दुसरा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, असेल तर ‘जीझिप_प्रॉक्सिड एनी’सुद्धा द्यावे. नाहीतर ‘व्हिया’ हेडर (मागणी प्रॉक्सीतून आल्याची खूण) घेऊन आलेल्या प्रत्येक मागणीला, जीझिप चालत असूनही, सर्व्हर पान उलगडून देतो. पान बरोबर दिसते, प्रोसेसर विनाकारण राबतो आणि वाहतूक पाचपट होते.

आता दोन ठेचा, ज्या हमखास लागतात. बहुतेकांच्या सेटिंगमध्ये ‘ट्राय_फाइल्स’ची ओळ असते. ती डिस्कवर ‘पान.एचटीएमएल’ खरोखर आहे का ते बघते. नाही म्हटल्यावर थेट ‘४०४’ देते आणि जीझेडपर्यंत गाडी पोचतच नाही. जुन्या अंकांच्या लोकेशनमधून ती ओळ काढावी. दुसरी ठेच मुखपृष्ठाची. कुणी ‘/२००६/’ असा फोल्डरचाच पत्ता मागितला तर सर्व्हर तिथे ‘इंडेक्स.एचटीएमएल’ शोधतो, ती नसते, आणि ‘४०३’ येतो. उपाय दोन. तिरप्या रेघेने संपणाऱ्या पत्त्याला ‘रीराइट’ने ‘इंडेक्स.एचटीएमएल’ जोडून द्यायचे. किंवा ‘टच’ आज्ञेने शून्य बाइटची रिकामी ‘इंडेक्स.एचटीएमएल’ बनवून ठेवायची. सर्व्हरला फाइल असल्याचे समाधान मिळते, पण पाठवताना तो जीझेडच उचलतो. शून्य बाइटच्या फाइलला एकही ठोकळा लागत नाही. हा दुसरा उपाय मला फारसा रुचत नाही, कारण पुढे येणारा माणूस ती रिकामी फाइल बघून चक्रावतो. पण सेटिंग बदलायची मुभा नसेल तिथे तो चालतो.

पानांत एसएसआयने (पान पाठवताना सर्व्हरने तुकडे जोडण्याच्या सोयीने) दुसरे तुकडे जोडले असतील, किंवा ‘सब_फिल्टर’ने जाहिरात घुसवली जात असेल, तर आवळलेल्या पानात ते होणार नाही. अशी पाने आधी पूर्ण घडवून मग आवळावीत. वर्णसंचाबाबतही हेडरवर विसंबू नये, यूटीएफ-८ चा मेटा टॅग पानातच असू द्यावा.

शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे), म्हणजे बहुतेक छोट्या संकेतस्थळांवर, अपाची हा सर्व्हर असतो आणि आपल्या हातात फक्त ‘.एचटीॲक्सेस’ ही फाइल असते. ती मुळातल्या फोल्डरमध्ये न ठेवता जुन्या अंकांच्या फोल्डरमध्येच ठेवावी. तिच्यात तीन गोष्टी लागतात. पहिली, ‘मॉड_रीराइट’ या अपाचीच्या जोडभागाचा नियम : मागितलेली फाइल नाही, पण तिच्या नावापुढे ‘.जीझेड’ लावलेली फाइल आहे आणि रिकामी नाही, असे असेल तर आतल्या आत ती उचल. प्रकार ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ ठेव, आणि ‘नो-जीझिप’ हा पर्यावरण-चल १ कर, म्हणजे ‘मॉड_डिफ्लेट’ हा आवळणारा जोडभाग तिला पुन्हा आवळणार नाही. दुसरी, ‘रिमूव्हटाइप .जीझेड’ आणि ‘ॲडएन्कोडिंग जीझिप .जीझेड’. अनेक सर्व्हरांच्या मूळ सेटिंगमध्ये ‘.जीझेड’ हा स्वतंत्र फाइलप्रकार म्हणून नोंदलेला असतो. तो काढला नाही तर पान उघडण्याऐवजी डाउनलोडची खिडकी येते. तिसरी, ‘मॉड_फिल्टर’ची साखळी : ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’मध्ये जीझिप नसेल तेव्हाच ‘इन्फ्लेट’ हे फिल्टर लावायचे. एन्जिनएक्सचा ‘गनझिप’ जे काम करतो ते इथे ‘इन्फ्लेट’ करते. ‘हेडर ॲपेंड व्हेरी ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ इथेही हवे. मुखपृष्ठाचा प्रश्न इथेही आहे, पण रिकाम्या ‘इंडेक्स’ची युक्ती इथे चालत नाही. वरच्या नियमाची पहिलीच अट फाइल नसावी अशी आहे. रिकामी फाइल सापडली की अपाची तीच पाठवतो आणि पान कोरे येते. फोल्डरच्या पत्त्यासाठी रीराइटचा वेगळा नियम लिहावा.

अपाचीत दोन चुका नेहमी घडतात. कुठूनतरी उतरवलेल्या नियमांत ‘हेडर ॲपेंड कंटेंट-एन्कोडिंग जीझिप’ अशी ओळ असते आणि ‘ॲडएन्कोडिंग’ही असते. दोन्हींनी मिळून ‘जीझिप, जीझिप’ असा हेडर जाऊ शकतो. तसे झाले की ब्राउझर दोनदा उलगडू पाहतो आणि एन्कोडिंगची चूक दाखवून थांबतो. दोहोंपैकी एकच ठेवावी. दुसरी चूक ही ‘ॲडएन्कोडिंग’ संपूर्ण संकेतस्थळाला लावण्याची. मग कुणी तुमच्याकडून खरीखुरी ‘टार.जीझेड’ फाइल उतरवली तर ब्राउझर ती परस्पर उलगडून ठेवू शकतो. नाव ‘टार.जीझेड’, आत मात्र नुसती टार. उघडणारा म्हणतो फाइल खराब आहे. म्हणूनच नियम त्या एका फोल्डरपुरते बांधायचे.

तपासणीसाठी ब्राउझरवर विसंबू नये, तो सगळे पोटात घालतो. ‘कर्ल’ने (पान मागवणाऱ्या आज्ञेने) एकच पान दोनदा मागावे. एकदा ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग : जीझिप’ हा हेडर देऊन आणि एकदा काहीही न देता. पहिल्या उत्तरात ‘कंटेंट-एन्कोडिंग : जीझिप’ एकदाच दिसायला हवे, ‘कंटेंट-टाइप’ ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ हवा, ‘व्हेरी’ हवे. दुसऱ्यात ‘कंटेंट-एन्कोडिंग’ अजिबात नको, आणि मजकूर फाइलमध्ये उतरवून त्याचा ‘एसएचए२५६सम’ मूळ पानाशी तंतोतंत जुळायला हवा. पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हांचा कचरा आला आणि फाइलचे पहिले दोन बाइट ३१ आणि १३९ असले, तर ती न उलगडलेली जीझिप आहे असे समजावे. प्रत्येक जीझिप फाइल याच दोन बाइटनी सुरू होते. फाइल चढवताना एफटीपी (फाइली चढवायचे साधन) ‘ॲस्की’ पद्धतीवर राहिले असेल तरी पान तुटते. त्या पद्धतीत १० क्रमांकाच्या बाइटच्या जागी १३ आणि १० असे दोन बाइट घुसू शकतात. साध्या एचटीएमएलला त्याने काही होत नाही, जीझिपचा मात्र चुराडा होतो. ‘बायनरी’ पद्धतीनेच चढवावे.

यानंतर रोजच्या कामात सर्वांत जास्त घोळ होतो तो दुरुस्तीच्या वेळी. जुन्या लेखात एखादे नाव चुकले होते म्हणून कुणी दुरुस्त ‘पान.एचटीएमएल’ चढवते. एन्जिनएक्स जीझेडला प्राधान्य देत असल्याने वाचकाला तीच जुनी चूक दिसत राहते, आणि दुरुस्ती करणारा कॅशेला शिव्या घालतो. वरच्या अपाचीच्या नियमाने उलट होते, नवे पान दिसते, पण जुने जीझेड अडगळीसारखे पडून राहते. म्हणून दुरुस्ती उलगडून, बदलून, पुन्हा आवळूनच करायची, आणि ही सूचना त्याच फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवायची. नुसते वाचायला किंवा शोधायला उलगडावे लागत नाही. ‘झेडकॅट’, ‘झेडलेस’ आणि ‘झेडग्रेप’ या आज्ञा आवळलेल्या फाइलींवर थेट चालतात. झेडग्रेपला देवनागरी शब्द दिला तरी तो शोधतो. संकेतस्थळाचे स्वतःचे शोधयंत्र डिस्कवरच्या फाइली वाचून सूची करत असेल तर त्याला जीझेड वाचता येते का हे मात्र आधी पाहा, नाहीतर पुढच्या सूचीत सगळे जुने अंक गायब.

ब्रॉटली का नको, असे कुणी विचारील. ब्रॉटली मजकूर जीझिपपेक्षा लहान करते. मागे बघण्याची तिची खिडकी १६ एमबीपर्यंत जाते, त्यामुळे वर सांगितलेली १०,९०० चिन्हांची अडचण तिला नाही. तिच्यात अंगभूत शब्दकोश आहे, त्यात हिंदीही आहे. पण ब्राउझर ती फक्त एचटीटीपीएसवर मागतात, आणि एन्जिनएक्सच्या मूळ संचात ब्रॉटली उलगडून देणारे काही नाही. एकच प्रत ठेवायची असेल तर ती जीझिपचीच असावी. २०१३ मध्ये उघड झालेल्या ‘ब्रीच’ हल्ल्याची (आवळलेल्या पानाच्या आकारावरून गुप्त माहिती ओळखण्याच्या युक्तीची) भीती दाखवून कुणी कॉम्प्रेशनच नको म्हणाले तर जुन्या अंकांपुरते दुर्लक्ष करावे. तो धोका लॉगिन केलेल्याच्या गुप्त खुणा असलेल्या, मागणीगणिक घडणाऱ्या पानांना असतो. सर्वांना सारख्याच दिसणाऱ्या जुन्या लेखात लपवण्यासारखे काही नसते.

स्वतंत्र सर्व्हर घेतलेल्यांना आणखी एक वाट आहे, झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल-प्रणालींची. त्या डिस्कवर लिहितानाच आवळतात, वाचताना उलगडतात, सर्व्हरला पत्ताही लागत नाही. वरच्या एकाही ठेचेचा प्रश्न येत नाही. पण मग वाचकाकडे पाठवताना सर्व्हर पान पुन्हा आवळतो, आणि शेअर्ड होस्टिंगवर ही निवड आपल्या हातात नसते.

शेवटी या पद्धतीचा खरा तोटा. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये डिस्कच्या दोषाने एक बाइट बिघडला तर एखादे अक्षर चुकते, बाकी लेख वाचता येतो. जीझिप फाइलमध्ये तोच बाइट बिघडला तर तिथून पुढचे सगळे पान जाऊ शकते. शेवटच्या ८ बाइटमधल्या तपासणी-आकड्याने बिघाड कळतो, दुरुस्त होत नाही. म्हणून ज्या दिवशी मूळ पाने सर्व्हरवरून काढाल त्या दिवशी त्यांची एक उलगडलेली, पूर्ण प्रत दुसऱ्या ठिकाणच्या डिस्कवर असायला हवी, आणि सर्व्हरवर महिन्यातून एकदा सगळ्या फाइलींवर ‘जीझिप -टी’ चालवून चुका ईमेलने कळवणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनाची) नोंद हवी.

आपला,
सर्व्हरची देखभाल करणारा एक वाचक, कोल्हापूर